सुभेदारांची ग्रहांची वही

सुभेदार फाळके पहिल्यांदा आमच्या शाळेत आले तेव्हा मुख्याध्यापकांना वाटलं, झेंडावंदनाच्या पाहुण्यांना कुणीतरी चुकीची तारीख कळवली. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, चकचकीत काळे बूट, ताठ मान आणि बगलेत पुठ्ठ्याची लांब नळी. चित्रकलेच्या बाई कुठं असतात, असं विचारत ते माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. ग्रेड परीक्षा तोंडावर आलेली. मी टेबलावर तांब्या ठेवून मुलांना काढायला दिला होता आणि चाळीस मुलांनी चाळीस भोपळे काढले होते, त्यामुळे माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी हातानंच थांबायची खूण केली. माणूस तास संपेपर्यंत तिथंच उभा. शिपायानं स्टूल आणून दिलं, त्यावर त्यांनी नळी ठेवली आणि स्वतः उभेच राहिले.

तास सुटल्यावर आत येऊन त्यांनी कागद उलगडला. पेन्सिलीनं काढलेला एक गोळा, जरा दबलेला, आणि त्याच्या पोटावरून दोन आडवे पट्टे. "बाई, ह्यो गुरू हाय," ते म्हणाले. "मला गोल काढायला शिकायचं न्हाई, गोल येतो. पन ह्येच्या कडंला जरा अंधार असतो आन मधी उजेड. त्यो अंधार माझ्यानं येत न्हाई. काजळ फासल्यावानी हुतंय. त्येवढं शिकवा."

मी म्हटलं, पेन्सिल एवढी आवळून धरायला ती काय बंदूक आहे? माझं तोंड हे असं आहे. कोरेगावात मला ओळखणारा कुणीही सांगेल, या बाईच्या पोटात एक आणि ओठात एक असं कधी नसतं. मुलं मला मागं 'मिरची' म्हणतात तेही मला ठाऊक आहे. सुभेदार हसले नाहीत की रागावले नाहीत. "बंदूक न्हवं, तोफ व्हती," म्हणाले, आणि पेन्सिल सैल धरली.

कोरेगावपासून चार किलोमीटरवर त्यांचं गाव. ऊस, दोन म्हशी, पुण्याला नोकरीला असलेला मुलगा. आमच्याकडच्या निम्म्या घरांची असते तीच हकिगत. वेगळं एवढंच की तोफखान्यात असून त्यांनी तोफ फारशी उडवली नव्हती. त्यांचं काम पुढं डोंगरावरच्या चौकीत बसून समोरचा मुलूख न्याहाळायचं. त्याचं रेघारेघांचं चित्र काढायचं, झाड कुठं, खडक कुठं, वाट कुठं, आणि गोळा कुठं पडला ते मागं कळवायचं. निवृत्त होऊन घरी आल्यावर सांगलीतल्या हौशी आकाश बघणाऱ्यांच्या एका मंडळात त्यांचं जाणं-येणं सुरू झालं. तिथं महिनोन् महिने काचेवर काच घासून त्यांनी स्वतःच्या हातानं आठ इंची आरसा केला आणि त्याची दुर्बीण बांधली. "पेन्शनीत आले आन परत चौकीत जाऊन बसले," असं त्यांच्या बायको, सुमनकाकी, सांगायच्या. सांगताना कौतुक लपवता यायचं नाही त्यांना.

गुरू काढायची त्यांची पद्धत मी अंगणात बसून कितीदा तरी बघितली. गुरू पुरता गोल नसतो, स्वतःभोवती इतक्या जोरानं फिरतो की वरखाली दबतो, म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी तसा दबका साचा केला होता. दिवेलागणीला दुर्बीण मांडायची, परीक्षेच्या पॅडवर कागद लावायचा, टॉर्चवर लाल फडकं बांधायचं. डावा डोळा मिटलेला, उजवा दुर्बिणीला. शेजारी बाजेवर सुमनकाकी घड्याळ घेऊन. चित्र वीस मिनिटांत संपलं पाहिजे, कारण तेवढ्यात गुरूचा चेहरा सरकायला लागतो. काकी मिनिटं मोजायच्या. दहा झाली, पंधरा झाली, आणि वीस झाली की गुरूला हात जोडून आत भाकरी वाढायला जायच्या. त्या पुढं सुभेदार एक रेघ काढत नसत. अर्धं राहिलं तर अर्धंच.

दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, तर कागदावर तरी सरळ करा की, असं मी एकदा म्हटलं. "उलटं दिसतंय तर उलटंच काढनार," ते म्हणाले. "सरळ केलं की त्यात माझी अक्कल घुसली."

ही त्यांची अक्कल न घुसू द्यायची तऱ्हा मला आधी हट्टीपणाची वाटायची. एकदा त्यांचं एक चित्र माझ्याकडं होतं. पट्टा मधेच फिका पडला होता, मी कापसाच्या बोळ्यानं जरा काळोख भरला, गुरू कसा गरगरीत उठून दिसायला लागला. मला वाटलं खूश होतील. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला, आणि लय झ्याक झालंय म्हणून मला परत दिला. वहीत चिकटवला नाही. का, तर हे मी बघितलेलं नाही. मला राग आला. तेव्हा त्यांनी मला समजावलं, एखाद्या जवानाला समजवावं तसं.

"डोंगरावर झाड असंल तर काढायचं. असाया पायजे म्हनून काढायचं न्हाई. त्या नसल्याल्या झाडावरनं कुनी अंतर धरलं, तर गोळा आपल्याच मानसांवर पडंल."

गुरूवरून कोण गोळा टाकतंय, असं मी पुटपुटले. पण पुन्हा कधी त्यांच्या कागदाला हात लावला नाही. फक्त पक्कं करायचं काम माझ्याकडं राहिलं. पेन्सिलीचं चित्र हाताला लागून पुसतं, त्यावर औषधाचा फवारा मारावा लागतो. दर पंधरवड्याला बाजाराच्या दिवशी ते कागद घेऊन यायचे, मी फवारा मारून वाळवून ठेवायची, पुढच्या खेपेला नेऊन ते एका जाडजूड वहीत चिकटवायचे. प्रत्येक चित्राखाली वेळ, हवा कशी होती, वारा होता का, सगळं लिहिलेलं.

सांगलीच्या मंडळात नितीन म्हणून एक तरुण इंजिनिअर आहे, तो दुर्बिणीला कॅमेरा लावून फोटो काढतो. हजारो फोटो कॉम्प्युटरनं एकावर एक बसवून एक करतो. व्हॉट्सॲपवर मला यायचे ते. गुरूचे पट्टे असे की कुणी भरतकाम केलंय. मी सुभेदारांना दाखवले आणि माझ्या स्वभावाप्रमाणं विचारलं, आता तुमच्या पेन्सिलीला कोण विचारतो? त्यांनी माझा फोन हातात घेऊन बराच वेळ बघितलं. फोटो चांगलाच आहे म्हणाले. पण ते कॅमेऱ्यानं बघितलं, म्या काय बघितलं ते ह्यात कुठाय, असं म्हणून त्यांनी फोन परत केला. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा, त्यावर फक्त मुलाचा आणि गावच्या सोसायटीचा नंबर.

दोन वर्षांपूर्वी कार्तिकात सुमनकाकी गेल्या. सकाळी धार काढायला गोठ्यात गेल्या, तिथंच भिंतीला टेकून बसल्या, त्या उठल्याच नाहीत. सुभेदार रडले नाहीत. दुर्बिणीवर खताचं रिकामं पोतं टाकलं आणि बाजेवर बसून राहिले. मुलगा न्यायला आला, गेले नाहीत. म्हशी विकल्या. मी आठवड्यातून दोनदा डबा घेऊन जायची तर आधीचा डबा झाकण न उघडता ठेवलेला. माझ्या आवाजाला शाळा घाबरते, पण त्या अंगणात मी गुपचूप डबा बदलून निघायची. वजन इतकं उतरलं की तो कडक शर्ट खांद्यावरून लोंबायला लागला. हा माणूस होळी काही बघत नाही, असं मी घरी येऊन म्हटलंसुद्धा.

आणि संक्रांत झाली, त्याच आठवड्यात ते शाळेत आले. मधली सुट्टी होती. चालत आले होते, चार किलोमीटर, दाढी केलेली, हातात नळी.

"बाई, गुरूवर कायतरी आलंय."

कागदावर पट्ट्यांच्या जरा वर, उजवीकडं, एक करडा डाग होता. आणि त्या डागालगतचा पट्टा वाकलेला, पाण्यात काठी वाकडी दिसते तसा. छाया इतकी मऊ उतरली होती की मी शिकवलेलं सगळं त्या डागात आलं होतं. मी मनापासून वाहवा केली. त्यांनी माझ्या डब्यातल्या दोन पोळ्या खाल्ल्या, तिळाची वडी खाल्ली, वर चहा घेतला. खाताखाता सांगत होते की असं मोठं वादळ तिथं अधूनमधून उठतं, आधी कुणी बघितलं त्याला महत्त्व असतं, आपण आता रोज काढणार, तीसेक चित्रं झाली की एप्रिलात सांगलीला नेणार. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. काकी गेल्यापासून त्या तोंडावर पहिल्यांदा माणूस परत आला होता.

पुढच्या बाजाराला तीन कागद आले, त्याच्या पुढच्या बाजाराला पाच. सगळ्यांवर डाग तिथंच. आता गुरू दहा तासांत एक फेरी मारतो हे मला त्यांनीच शिकवलेलं. रोज वेगळ्या वेळी बघितलं तर डाग रोज वेगळ्या जागी पाहिजे, कधी पलीकडं गेलेला पाहिजे. हे माझ्या लक्षात आलं आणि मी ते गिळलं.

महाशिवरात्रीच्या आधीच्या बाजाराला त्यांनी गुरूबरोबर शुक्र आणि मंगळही आणला. शुक्र तर संध्याकाळच्या उजेडातच काढलेला, अर्ध्या चंद्रासारखा. त्याच्यावरही डाग. त्या दिवशी घरी मी तिन्ही कागद एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेला लावले, आम्ही नक्कल उतरवताना लावतो तसे. बाहेर ऊन होतं. तीन ग्रह, तीन वेगळे दिवस, आणि तिन्ही डाग एकाच जागी, एकावर एक. वर्गात एखादं पोर तांब्याही तिरका काढतं, खुर्चीही तिरकी, घरही तिरकं, तेव्हा मी त्याला तांब्याबद्दल बोलत नाही. मी त्याचं बसणं बघते, डोळे बघते. पंचवीस वर्षं मी हेच करत आलेय. मला खिडकीशी उभ्याउभ्या कळलं की हा डाग आकाशात नाही.

डोळ्याचं दुखणं असेल हे माझ्या मनात आलंच नव्हतं, असं मी पुढं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. आलं होतं. वय झालंय, मोतीबिंदू धरत असेल, उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू कुठंतरी दाखवून, एवढंच वाटलं आणि मी कागद वाळत घातले.

ते घ्यायला आले त्या दिवशी बसले नाहीत. माझ्या हातातले कागद बघत उभे राहिले आणि अचानक म्हणाले, "बाई, तुमाला कागदातलं कळतं. ह्यो डाग वरचा हाय, का माझंच कायतरी घुसलंय त्यात? खरं सांगा."

त्यांचा शर्ट आता पुन्हा खांद्यावर नीट बसत होता. डबा रिकामा येत होता. दारातल्या तुळशीला पाणी घालतात, शेजाऱ्यांशी बोलतात, असं गावातून कळत होतं. आणि हे सगळं त्या डागावर उभं होतं. मुख्याध्यापकांना तोंडावर बोलणारी, सरपंचाच्या मुलाचा कागद सगळ्यांदेखत फाडणारी मी, त्या एका संध्याकाळी गोड बोलले.

"तुम्हाला दिसतोय ना?" मी म्हटलं. "मग आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मान हलवली. कागद गुंडाळून नळीत घातले आणि गेले.

एप्रिलच्या शेवटी आम्ही एसटीनं सांगलीला गेलो. मंडळाची बैठक एका शाळेच्या हॉलमध्ये, भर दुपारी, पंखे गरगरतायत, दहा-पंधरा माणसं. सुभेदारांनी टेबलावर वही उघडली. डागाची बत्तीस चित्रं. सगळे वाकून बघत होते, कुणी हसलं नाही, उलट त्या छायेचं कौतुकच झालं. मग नितीननं लॅपटॉप आणला. त्यातल्या सात-आठ संध्याकाळी त्यानंही गुरू टिपला होता. त्यानं फोटो लावला. दुसरा लावला. तिसरा. पट्टे सरळ होते. डाग कुठंच नव्हता. पोरगा भला आहे, तो पुटपुटला की काका, तुमच्याकडं हवा खराब असेल त्या दिवसांत.

 सुभेदार उभे राहिले, चष्मा काढला, डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि समोरच्या खिडकीकडं बघितलं. मग हात बदलला. मग पुन्हा पहिल्यासारखा ठेवला. तोफखान्यातला माणूस यंत्र तपासतो तसं शांतपणे चाललं होतं ते सगळं.

"बाई, खिडकीचं गज सरळ हायत का?"

"सरळ आहेत."

"मला मधलं दोन वाकल्यालं दिसत्यात. आन त्येंच्या वर डाग हाय."

नितीनच्या गाडीतून त्याच दुपारी आम्ही मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरांनी सांगितलं ते असं. उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यावर पाणी झिरपून आता व्रण झालाय. सुरुवातीला डोळ्यात इंजेक्शनं देऊन हे थांबवता येतं, आता त्या डोळ्याची वेळ गेली. डावा डोळा जपावा लागेल, त्यालाही लक्षणं आहेत. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा बिघडलेल्याची भर काढतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. दोन-तीन महिने आधी आला असता तर, एवढं बोलून ते थांबले आणि म्हणाले, इतके दिवस तुम्हाला काहीच कसं दिसलं नाही?

"दिसलं की," सुभेदार म्हणाले. "बत्तीस येळा काढलंय."

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं, कराड आलं. माझ्या ओठावर दहा वेळा आलं की सुभेदार, मला फेब्रुवारीतच कळलं होतं. दहाही वेळा मी पाण्याची बाटली उघडून घोट घेतला. रहिमतपूरच्या पुढं त्यांना झोप लागली.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. डाव्या डोळ्याला इंजेक्शनं झाली, महिन्याच्या महिन्याला मिरज. मुलगा येऊन न्यायचा, कधी मी जायची. दसऱ्यापर्यंत टिकला, दिवाळीत तोही सरळ रेघा वाकवायला लागला, आणि मग मधला भाग गेलाच. पुरतं आंधळं होत नाही माणूस यात. कडेकडेचं दिसतं, जिथं बघावं तेवढंच दिसत नाही. "तुमचा आंबाडा दिसतो, बाई, पदर दिसतो. तोंड तेवढं न्हाई," असं ते मला म्हणाले होते. हसले होते म्हणताना. दुर्बीण त्यांनी मंडळाला देऊन टाकली. घरात पाणी पिताना तांब्या पेल्याच्या बाहेर ओतायचे आणि ओल लागली की हात मागं घ्यायचे. मुलानं पुण्याची खोली तयार ठेवली होती. अजून नाही, थोडं काम राहिलंय, असं ते त्याला सांगत होते.

ते काम माझ्याशी होतं. मार्गशीर्षात शेजाऱ्याच्या फोनवरून त्यांनी मला बोलावून घेतलं. मी दुपारी गेले. अंगणात बाजेवर वही ठेवलेली. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि म्हणाले, ही वही सांगलीला जायची आहे. आत अकरा वर्षांची चित्रं आहेत. त्यातली चांगल्या डोळ्याची कुठली आणि बिघडलेल्याची कुठली हे वेगळं केल्याशिवाय ती दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. सुरुवातीचे डाग खरेही असतील, डोळा नंतर बिघडला असेल, तेव्हा ज्या चित्रापासून डाग डोळ्यातला आहे ते शोधा. शेवटची पन्नासेक पानं चाळली की सापडेल. मला दिसत असतं तर मीच शोधलं असतं.

मला शोधायचं काय होतं? ते पान कुठलं ते मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण मी पानं उलटत राहिले. त्यांना पानांचा आवाज येत होता आणि ते वाट बघत होते. मी एवढंच म्हटलं की सुटले असते, मार्चमधलं हे. किंवा एप्रिलमधलं. त्यांना बघता येणार नव्हतं. सांगलीत कुणी ताडून बघणार नव्हतं. मी म्हटलं असतं आणि त्यांनी विश्वास ठेवला असता, पहिल्यासारखाच.

"संक्रांतीनंतरचं पहिलं," मी म्हटलं. "तिथूनच आहे."

 त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हंजे म्या तुमाला इचारलं, तवा डोळ्यातलंच हुतं."

"होतं."

"तुमाला दिसलं व्हतं?"

"दिसलं होतं. तीन कागद काचेला लावून बघितले होते मी. एकावर एक बसत होते."

त्यांची मान माझ्याकडं वळलेली होती, डोळे माझ्या कानाशेजारी कुठंतरी. आवाज चढला नाही.

"मला बी शंका व्हती, बाई. म्हनून तर इचारलं. चौकीत एका मानसाच्या डोळ्यावर कुनी तोफ लावत न्हाई. दुसरा मानूस लागतो. त्यो हाय म्हनला की मग लावायची. ही गेल्यावर मला दुसरं मानूस तुमीच व्हता."

मी रडले. माझं रडणं गावात कुणी बघितलेलं नाही, त्यांनीही बघितलं नाही. मी म्हटलं, तुम्ही जेवत नव्हता हो. ते चित्र घेऊन आलात आणि जेवलात. मला वाटलं, डाग काढून घेतला तर तुम्ही पुन्हा त्या बाजेवर जाऊन बसाल.

"जेवलो असतो, बाई," ते म्हणाले. "आज न्हाई उद्या जेवलोच असतो. भूक कुनाला सुटती व्हय?"

मग त्यांनी वही माझ्या मांडीवर सरकवली आणि लिहायला सांगितलं. संक्रांतीच्या चित्राआधीच्या कोऱ्या पानावर. ते त्यांच्या भाषेत सांगत होते, मी पुस्तकी भाषेत उतरवत होते. 'यापुढील चित्रे धरू नयेत. पाहणाऱ्याचा डोळा बिघडला होता. त्यास ते कळले नाही.' मी पूर्णविराम दिला आणि पेन मिटायला लागले.

"फुडं लिवा. दुसऱ्या बघनाऱ्याला कळलं व्हतं. सांगितलं न्हाई."

माझा हात थांबला. पेनाचा आवाज पुन्हा सुरू झाला नाही हे त्यांच्या ध्यानात आलं असणार.

"राग न्हाई, बाई. झालं त्ये लिवायचं. लिवा, आन खाली सही करा. तुमची."

मी लिहिलं. सही केली. त्यांनी पानावरून हात फिरवला, शाई ओली होती, ती थोडी त्यांच्या बोटाला लागली. साडेचारची गाडी चुकेल, निघा, असं ते म्हणाले. मी निघाले.

पुण्याला मुलाकडं गेले ते फाल्गुनात वारले. मला दहाव्याच्या आदल्या दिवशी कळलं. वही मुलानं सांगलीला पोचती केली. नितीनचा मला फोन आला, चाचरत बोलत होता. मंडळ चित्रांचं प्रदर्शन मांडणार आहे, त्यात ते पान आहे, खाली तुमची सही आहे. म्हणाला, बाई, ते पान अलगद काढता येईल, कुणाला समजणार नाही.

मी म्हटलं, राहू दे. प्रदर्शन झालं. मी गेले नाही. लोक म्हणतात चित्रं फार सुरेख होती. सुभेदारांनी राग नाही म्हटलं ते खरंच असणार, त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी राग धरला असता तर मी कधीतरी जाऊन त्यांचे पाय धरले असते. तेवढंही त्यांनी माझ्यासाठी शिल्लक ठेवलं नाही.